कागदी कप

आज काही लिहायचं नव्हतं. पण जेवण झालं तरी डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोच.

सकाळी पांदण रस्त्यासाठी गावातल्या एका घरी बसलो होतो. सोयाबीन काढायच्या आत निदान मुरूम तरी पडावा, नाहीतर हडंबा (मळणीचं यंत्र) शेतात न्यायचा कसा, एवढाच विषय. तर घरच्या पोरानं मोबाइलवर जपानचा व्हिडिओ लावला. तिकडे चहा म्हणजे साधना, वाटी दोन्ही हातांनी धरतात, फिरवतात, मग ओठाला लावतात. सगळे माना डोलावतायत. तेवढ्यात ट्रे आला. चौघांना कपबशी. मला कागदी कप.

कप कमी पडले असतील, मान्य. पण दर वेळी माझ्यापाशीच येऊन कसे कमी पडतात, राजेहो?

चहा उकळता. कागद मऊ पडला, बोटं पोळली, आणि हे चौघं मजेत बशीत ओतून फुरके मारतायत.

आमच्या आबाजींचा कप हॉटेलच्या वळचणीला खोचलेला असायचा. कान तुटलेला. चहा हवा असला की स्वतः काढायचा, धुवायचा, जमिनीवर ठेवून मागं सरायचं. हॉटेलवाला वरून ओतायचा, किटली कपाला लागू न देता. पिऊन झाला की पुन्हा धुवून वळचणीला.

वरून धार मोरोक्कोतही सोडतात. पुदिन्याचा हिरवा चहा, दणकून साखर, किटली हातभर उंच नेऊन ग्लासात ओततात, वर फेस यावा म्हणून. तो पाहुण्याचा मान. आबाजींच्या कपात धार उंचावरून का पडायची, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि जपानचंही त्या पोरानं अर्धंच सांगितलं. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाचा चहाचा गुरू होऊन गेला. त्याच्या चहाच्या खोलीचं दार जेमतेम सव्वादोन फुटांचं. सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवायची आणि गुडघ्यांवर रांगत आत यायचं. आत मोठा-लहान नाही. दाट माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, तर सगळे एकाच वाटीतून पितात, काठ पुसायचा आणि पुढच्याला द्यायची. एकाच वाटीतून! हे कोणी व्हिडिओत दाखवत नाही. (तेही काही संत नव्हते. कातड्याचं काम करणाऱ्यांना तिथंही वेगळंच काढलं होतं.)

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "कपाचं काय घेऊन बसला, रस्त्याचं काय झालं थे सांग." हसू आलं. त्यांनी आबाजींना तो कप धुताना डोळ्यांनी पाहिलंय, तरी विचारतात रस्त्याचंच.

त्या घरच्या काकूंवर माझा राग नाही. "भाऊ, आणखी घ्या थोडा," म्हणत त्यांनी मनापासून परत ओतला. तिबेटमध्ये लोणी-मिठाचा चहा घोटभर कमी झाला की यजमान वाटी पुन्हा भरतो, तशीच माया. सासूनं जे शिकवलं, ते त्या करतात.

पण सासूचं ऐकून पन्नाशी गाठलेल्या माणसांनी स्वतःचं डोकं कधी वापरायचं? राज्यघटनेत अस्पृश्यता बंद करणारं कलम 17 आहे, ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा 1955 चा कायदा आहे. वळचणीचा कप गेला, खरंय. पण आमच्या गावात तो कायद्यानं कमी आणि फेकायच्या कपानं जास्त घालवला. सगळ्यांनाच फेकायचा कप, मग वेगळा ठेवायचा कोणाला? हॉटेलवर भानगड मिटली. आणि तोच कप उचलून तुम्ही घरात आणला, आमच्यासाठी. वर धुवायची कटकट नाही, आणि कोणी विचारलं तर "हायजीन" म्हणायला मोकळे.

आता खाली "दादा, जात कुठं राहिली आता" असं लिहायला काही जण येतीलच. या. फक्त आधी एवढं लिहा, गड्याचा ग्लास तुमच्या घरी कोणत्या फळीवर असतो.