भुट्टेवाला क्रांतिकारक

मागच्या ऑगस्टात भाचीच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. विषय, क्रांतिकारक. वर्गात चार भगतसिंग, तीन झाशीच्या राण्या आणि एक आझाद आधीच ठरलेले. बहिणीचा फोन आला, "दादा, जरा वेगळं कोणीतरी सुचव ना." मी म्हटलं, पांडुरंग खानखोजे. डोक्यावर मोठी मेक्सिकन टोपी, हातात भुट्टा. पलीकडून दोन क्षण आवाजच नाही. मग, "दादा, क्रांतिकारक विचारलाय. भुट्टेवाला नाही."

तिला काय बोलणार? आपल्या मनातल्या क्रांतिकारकाला मिशी लागते, पिस्तूल लागतं आणि मुख्य म्हणजे फाशीची तारीख लागते. खानखोज्यांची पंचाईत अशी की ते जगले. वर्ध्याकडचा हा माणूस १९६७ साली नागपुरात वारला, तोही ऐंशी ओलांडून. अशा माणसाचा हुतात्मा दिन कसा पाळणार?

पिस्तुलाचंच म्हणाल तर त्यातही ते कुठे कमी नव्हते. टिळकांच्या प्रभावातला पोरगा, परदेशात लष्करी शिक्षण घ्यायचं म्हणून घर सोडून निघाला. आधी जपान, मग अमेरिका. कॅलिफोर्नियात टमालपायस मिलिटरी अकॅडमीत नाव घातलं. पॅसिफिक किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये ते मिसळले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या, इंग्रजांचं राज्य उलथवू पाहणाऱ्या गदर चळवळीत सशस्त्र तयारीचं काम त्यांनी अंगावर घेतलं. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. १९२१ मध्ये मॉस्कोलाही जाऊन आले. यातल्या एकेका ओळीवर सिनेमा निघेल.

त्याच गदरमध्ये आणखी एक मराठी तरुण होता. तळेगाव ढमढेरेचा विष्णू गणेश पिंगळे. अमेरिकेतून परतला, १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसकट सापडला आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात गदरच्याच कर्तारसिंग सराभाबरोबर फासावर गेला. वय सत्तावीस. कर्तारसिंग तर एकोणीस वर्षांचा. पिंगळ्यांचं नाव निघालं की माझाही आवाज खाली येतो. पण मागे उरलेल्या खानखोज्यांच्या पुढच्या पन्नास वर्षांचं काय करायचं, हे आपल्याला कळत नाही. मग "पुढे ते कृषिशास्त्रज्ञ झाले" अशी एक ओळ टाकून आपण मोकळे होतो.

माझं भांडण या "पुढे" शब्दाशी आहे. हा माणूस शेती अमेरिकेतच शिकला, बंदूक शिकला त्याच वर्षांत. एका हातात कवायत, दुसऱ्या हातात बियाणं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ आपल्या भागाने कसे काढले, ते जुन्या घरांत अजून सांगतात. खानखोजे तेव्हा पोरवयात होते. अशा मुलाला इंग्रजांचं राज्य आणि रिकामी कणगी हे दोन वेगळे विषय वाटतील तरी कसे?

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोहोचले. तिथे नुकती क्रांती होऊन गेलेली, 'जमीन कसणाऱ्याला' ही मागणी अजून गरम. मेक्सिको शहराजवळच्या चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. त्या संस्थेचं ब्रीदवाक्य मला फार आवडतं. आपल्या भाषेत सांगायचं तर, इथे जमीन पिळायला शिकवतात, माणूस पिळायला नाही. तिथे त्यांनी मका, गहू, डाळी यांवर काम केलं. मक्याचा एक रानटी नातलग आहे, तेओसिंते नावाचं गवत. त्याच्याशी मक्याचा संकर करून पाहिला. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. टीना मोदोत्तीसारख्या छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या कामाचे फोटो काढले. आणि दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जेवणाचं टेबल रंगवलं, त्यावर सगळ्यांना भाकर मोडून देणारा माणूस म्हणून खानखोज्यांनाच बसवलं. परक्या देशाने आपल्या सरकारी भिंतीवर आपल्या माणसाला यजमान केलंय!

आणि आपण? देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी परत येतो म्हटलं, तर इंग्रजांच्या काळ्या यादीतलं नाव तसंच. आधी नकार, मग फेरविचार, मग परवानगी. राज्य बदललं, यादी नाही बदलली. मला याचा राग येतो, पण हसूही येतं. सरकारी फायलीला स्वातंत्र्य सगळ्यात उशिरा मिळतं.

२०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसला, आपल्या लोकसभाध्यक्षांच्या हस्ते अनावरणही झालं. तेव्हा दोन दिवस 'उपेक्षित क्रांतिकारक' असे मेसेज फिरले. मीही एक पुढे ढकलला, खोटं कशाला बोलू. पण तो शब्द मला पटत नाही. उपेक्षित म्हटलं की दोष दुसऱ्या कोणाचा तरी होतो. वर्धा-नागपूरकडच्या आपल्याच लोकांना हे नाव विचारून बघा. मला स्वतःला तिशीपर्यंत माहीत नव्हतं, आणि आमच्या घरी तीन पिढ्या शेती आहे.

भाची शेवटी राणी झाली. चौथी. यंदा विषय पुन्हा तोच आहे म्हणे. टोपीचं मी बघतो, असं बहिणीला आत्ताच कळवलंय.