आजचा प्रश्न, उद्याचं उत्तर

सकाळी मोबाइल उघडला की शिक्षकांच्या तीन-चार ग्रुपवर ‘आजचा परिपाठ’ येऊन पडलेला असतो. पंचांग, सुविचार, बोधकथा, दिनविशेष आणि शेवटी सामान्य ज्ञानाचे पाच प्रश्न, उत्तरांसकट. ज्या मुलाची पाळी असते तो प्रश्न वाचतो आणि त्याच दमात उत्तरही वाचून टाकतो. टाळ्या होतात, रांगा वर्गात जातात. दुपारच्या खिचडीच्या वेळी विचारा, सकाळचा एकही प्रश्न कुणाला आठवत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिकवते. बरीच वर्षं मीही हेच करत होते. गेली तीन वर्षं करत नाही. का, ते बरेच दिवस लिहायचं होतं.

त्याला कारण आमची सातवीतली एक मुलगी. एका प्रश्नमंजुषेत तिला विचारलं, भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? ती म्हणाली, कोणताही खेळ तसा जाहीर केलेला नाही. संयोजकांच्या कागदावर ‘हॉकी’ होतं. उत्तर चूक धरलं, गुण गेले, दुसरा नंबर हुकला. खरं तर तिचंच बरोबर होतं. २०१२ साली लखनऊच्या एका शाळकरी मुलीनं माहितीच्या अधिकारात हाच प्रश्न विचारला होता, आणि कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेला नाही, असं क्रीडा मंत्रालयानं तिला कळवलं होतं. मी तिथं बोलून पाहिलं. ‘मॅडम, निकाल लागलाय आता,’ एवढंच ऐकायला मिळालं. परत येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. कन्ना चौकाच्या आसपास म्हणाली, “बाई, पुढच्या वेळी मी हॉकीच सांगू का?”

तिला मी ‘नाही’ म्हटलं. पण त्या रात्री माझ्या मोबाइलवरचे जुने परिपाठ उघडून बसले. भारतात राज्यं २९ आणि केंद्रशासित प्रदेश ७, हे अजून फिरतंय. २६ जानेवारी २०२० पासून ते २८ आणि ८ आहेत. हिंदी ही राष्ट्रभाषा, हे दर महिन्याला येतं. राज्यघटनेच्या कलम ३४३ मध्ये हिंदी संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा असा शब्द तिथं नाही. कुणीतरी कधीतरी लिहिलं आणि आपण सगळे ते पुढे ढकलत राहिलो. त्यातलं निम्मं मीच मुलांकडून वाचून घेतलेलं होतं.

तेव्हापासून आमच्या वर्गाबाहेरच्या फळ्यावर रोज एकच प्रश्न असतो. उत्तर दुसऱ्या दिवशी. घरी, शेजारी, दुकानात, कुणालाही विचारा. फक्त कुणी सांगितलं ते सांगायचं. आणि जमेल तितका प्रश्न आपल्या आसपासचा.

एकदा लिहिलं होतं : टर्किश टॉवेल साध्या पंचापेक्षा जास्त पाणी का टिपतो? सोलापुरात राहून मला स्वतःला ते नीट सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा टॉवेलचा तुकडा घेऊन आला. वडील पॉवरलूमवर, आई घरी विड्या वळते. त्यानं तुकडा बोटावर ताणून धरला आणि उभे राहिलेले लूप दाखवले. म्हणाला, “बाई, टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ. एक ताठ, एक ढिला. आडवं सूत ठोकणारी फणी दोनदा अर्धीच मारते आणि तिसऱ्यांदा पुढपर्यंत. तेव्हा ताठ बीमचं सूत जागेवर राहतं आणि ढिल्याचं वर येतं, त्याचा लूप होतो.” मग हातानं करून दाखवलं : ठक, ठक, ठाक. लूपमुळं सूत जास्त, पाण्याला चिकटायला जागा जास्त. सगळा वर्ग त्याच्या बाकाभोवती. रात्री वडिलांनी जेवता जेवता ताटात बोटानं रेघा ओढून त्याला हे समजावलं होतं. आपलं काम शाळेत विचारतात, हे त्या माणसाला खरंच वाटेना, असं तो सांगत होता.

त्यावरूनच पुढचा प्रश्न निघाला. चादरीच्या मागाला आपण ‘जकार्ड’ म्हणतो, तो शब्द कुठला? जोसेफ मारी जकार्ड हा फ्रान्सचा माणूस. १८०४ च्या सुमारास त्यानं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणायची सोय केली. पुढं गणकयंत्रांनाही सूचना द्यायला तशीच भोकाची कार्डं वापरली गेली. हे कळल्यावर पोरं घरातली चादर उलटीपालटी करून बघत होती म्हणे.

भीमेला पंढरपुरात चंद्रभागा का म्हणतात, हे वारी करणाऱ्या एका आजीनं नातीच्या हातावर चंद्रकोर काढून सांगून पाठवलं होतं. नदी तिथं तशी वळते.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते १२ जानेवारीचं. त्या दिवशीच्या तयार परिपाठात राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती असते, असायलाच हवी. पण १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना फाशी दिलं. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९३० मध्ये, इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लादला होता. आमच्या मुलांनी त्या चौघांचे पुतळे गड्ड्याच्या जत्रेला जाता-येता कितीदा पाहिलेत. पहिल्या वर्षी चौघांची नावं विचारली तर अख्ख्या वर्गात एका पोरीला तीन आली. हा दोष मुलांचा मुळीच नाही. सोलापूरच्या शाळेत सोलापूरचा दिवसच वाचला जात नसेल तर त्यांना कळणार कुठून?

सहकारी म्हणतात, बाई, पुढं पोलीस भरती आहे, स्पर्धा परीक्षा आहेत, तिथं पाठांतरच लागतं. मान्य. ज्या घरात एका नोकरीवर सगळं अडलंय तिथं एकेका मार्काची किंमत मला ठाऊक आहे. म्हणूनच चुकीचं पाठ करून घेणं मला पाप वाटतं. आणि टॉवेलवाला मुलगा आता पाठांतरालाही पुढं बसतो.

या ग्रुपवरच्या शिक्षकांना एक विनंती. पाठवताना पाचच्या जागी एक पाठवा, पण स्वतः ताडून बघितलेला. मिळालं तर तुमच्या गावचा पाठवा. बार्शीचा, अक्कलकोटचा, सांगोल्याचा. माझ्या फळ्यावर लावीन.

सोमवारचा प्रश्न लिहून ठेवलाय : आपल्या भागात इतक्या घरांत तेलुगू का बोलतात? वर्गातल्या निम्म्या मुलांना ते घरातच आजोबांना विचारता येईल. उत्तर मंगळवारी.