मदरबोर्ड भाजून हाती काय लागणार?

‘जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका. मदरबोर्ड गॅसवर तापवून आपटा, पार्ट आपोआप गळतील आणि घरचं सर्किट फुकटात होईल,’ असा सल्ला हौशी मंडळींत फिरतोय. पार्ट जरूर काढा, मीही काढतो. पण हा सल्ला नेमका चुकीच्या बोर्डाला हात घालायला लावतो.

मदरबोर्डवरचे बहुतेक पार्ट खसखशीएवढे एसएमडी, म्हणजे भोकात न जाता पृष्ठभागावरच सोल्डर केलेले. त्यातल्या सिरॅमिक कॅपॅसिटरवर किंमतही छापलेली नसते. चिपसेट नावाच्या मोठ्या चिपच्या पोटाखाली सोल्डरचे शेकडो मणी. घरी आपण लेझर प्रिंटवर इस्त्री फिरवून सर्किटचा नकाशा तांब्यावर उमटवतो. अशा एकेरी, म्हणजे एकाच बाजूला तांबं असलेल्या बोर्डावर हे बसवणार कसं?

खरा माल एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात असतो. जुन्या एटीएक्स (डेस्कटॉपच्या) सप्लायचा बोर्डही एकेरीच, आणि बरेचसे पार्ट पायवाले. सप्लाय चालवणारी कंट्रोल चिप टीएल४९४ किंवा तिचीच बहीण केए७५००, स्थिर व्होल्टेज देणारी टीएल४३१, प्रकाशातून सिग्नल पोचवणारा पीसी८१७ ऑप्टोकपलर, शॉटकी डायोडच्या जोड्या, टोरॉइड (तार गुंडाळलेली कडी), हीटसिंक. नंबर वाचता येतो, डेटाशीट मिळते, भोकं पाडून बसवता येतं. बॅटरी चार्जर करायचा तर अर्धं सामान इथेच निघतं.

मात्र ‘प्लग काढला की धोका नाही’ हे त्याच सल्ल्याचं शेपूट जिवावर बेतू शकतं. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय झाल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतात. बंद पडलेल्या सप्लायवर तर अजिबात विश्वास नको. चार्ज उतरवणारा रेझिस्टरच उडालेला असेल तर? काही किलोओमचा, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून चार्ज उतरवा आणि मीटरनं खात्री करा.

गॅसवर भाजणं तर नकोच. बोर्डात सहसा ब्रोमिनयुक्त ज्वालारोधक असतात, त्यांचा धूर स्वयंपाकघरात कशाला? युरोपच्या २००६च्या निर्बंधांनंतर बिनशिशाचं सोल्डर रूढ झालं. ते साधारण २१७ अंशांना वितळतं, म्हणून जोड लवकर सुटत नाही. त्यावर ६०/४० (कथील-शिशाच्या) सोल्डरचा थेंब मिसळा, डीसोल्डरिंग पंपानं ओढा.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मी सहसा घेतच नाही. २०००च्या आसपासच्या काही वर्षांतले तर सदोष इलेक्ट्रोलाइटसाठी कुप्रसिद्धच. डोकं फुगलेलं नसलं तरी ईएसआर मीटर (कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणारा) लावल्याशिवाय वापरू नका.

आणि फुकट? कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड), ड्रिल बिट, नको असलेलं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड विकतच आणावं लागतं. त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाणारच, तर रेझिस्टरचं पाकीटही घेऊन या. ते एकेक उपटत बसण्यात अर्थ नाही. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबं उतरलेलं असतं, तेव्हा ते मोरीत ओतू नका.