निन्नीचे कूळ आणि आपला अभिजात वाद

अंकारात लोकगीतांचे चाहते जमले की 'निन्नी' या शब्दाच्या कुळाचा विषय हमखास निघतो. तुर्कीत अंगाईला निन्नी म्हणतात, आणि प्राचीन इराकमधल्या सुमेर संस्कृतीची देवी इनान्ना हिचे नाव जुन्या अभ्यासकांनी कधीकाळी 'निन्नी' असेही वाचले होते. तेवढ्या धाग्यावर, आनातोलियातली (तुर्कस्तानच्या आशियाई भागातली) प्रत्येक आई नकळत त्या देवीलाच हाक मारते, असे छातीठोकपणे सांगणारे सुशिक्षित लोक मला येथे भेटले आहेत. कल्पना मोहक आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. सुमेरच्या शुल्गी राजाच्या मुलासाठी रचलेले सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे सुमेरी अंगाईगीत आज उपलब्ध आहे आणि त्यातली आई 'उआ, अउआ' म्हणते. अकराव्या शतकात काश्गरच्या महमूदाने तुर्की बोलींचा कोश सिद्ध केला, त्यात बाळाला जोजवण्याचे बोल 'बालू बालू' असे नोंदवलेले आहेत. अझरबैजानी आया 'लायलाय' म्हणतात, उझबेक 'अल्ला' म्हणतात; 'निन्नी'शी मिळतेजुळते शब्द सापडतात ते ग्रीकांच्या 'नानी'त आणि इटलीच्या 'निन्ना नान्ना'त.

याचा अर्थ तुर्की पाळण्याभोवती पुराणकथा नाहीत, असा मुळीच नाही. मंगोलियातल्या इ.स. 732 च्या जुन्या तुर्की ओर्खोन शिलालेखात राजमातेला उमाय देवीची उपमा दिली आहे. महमूदाच्या कोशात उमाय म्हणजे बाळंतपणातली वार, आणि तिची सेवा करणाऱ्याला मूल होते अशी म्हणही तेथेच आहे. आपली सटवाई आठवावी. बाळंतिणीला छळणाऱ्या 'आल' नावाच्या पिशाच्चाची भीती घालवण्यासाठी येथे अजूनही बाळंतिणीच्या केसांना लाल फीत बांधतात. मात्र हीच आल आर्मेनियन आणि इराणी लोकांनाही ठाऊक आहे, आणि बाळंतिणीसाठी तुर्कीत रूढ असलेला 'लोहुसा' हा शब्द ग्रीक आहे. एका बाळंतिणीच्या खोलीत इतक्या शेजाऱ्यांची ये-जा आढळत असताना एकच मूळ शोधण्याचा हट्ट कशासाठी?

तो हट्ट तुर्कस्तानने सरकारी पातळीवर करून पाहिला. 1933 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी बँकेचे नावच, सुमेरी हे तुर्कांचेच पूर्वज या दाव्यावरून, 'सुमेरबँक' होते. 1936 च्या भाषा परिषदेत 'सूर्यभाषा सिद्धांत' मांडला गेला: आदिमानवाने सूर्याकडे पाहून पहिला उद्गार काढला, तो तुर्की होता, आणि जगातील सर्व भाषा त्यातून निघाल्या. या सिद्धांताचे पाठीराखे राष्ट्राध्यक्ष अतातुर्क 1938 मध्ये वारले आणि हा सिद्धांतही लवकरच बाजूला पडला. पण 1936 मध्येच हंगेरीचा संगीतकार बेला बार्तोक अदाना परिसरातल्या भटक्या योरुकांमध्ये फिरून त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करत होता. पुढे 1937 ते 1952 या काळात अंकारा संगीतविद्यालयाच्या पथकांनी, मुझफ्फर सारिसोझेन यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने, सुमारे 10,000 गाणी गोळा केली. सिद्धांताची आज चेष्टा होते. त्या संग्रहातली गाणी तुर्की आकाशवाणीवर अजून वाजतात.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून मायदेशी चाललेली चर्चा मी येथून वाचतो, तेव्हा मला हे 1936 साल आठवत राहते. मराठी संस्कृतोद्भव की त्याहून प्राचीन, अमुक शब्द आमच्याकडून जगभर गेला की नाही, यावर आवेशाने लिहिणारे पुष्कळ आहेत. (आवेशाचे इंधन दोन्ही देशांत स्वस्त आहे.) वास्तविक घरातल्या अण्णा आणि अक्कांना कानडी नाते आहे, आणि खुद्द ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले, त्याने मराठीचे काही उणे झाले नाही. रा. चिं. ढेरे यांनी दैवतांची मुळे शोधली ती शेजारच्या भाषांचे दरवाजे ठोठावून.

त्यामानाने गाणी टिपण्याचे काम आपल्याकडे तुरळक झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी कार्यकर्त्यांच्या साह्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हा ठळक अपवाद. जाते घरातून गेले तेव्हा ओवी गेली. पाळण्याची गाणी आता मोबाइलवर आयती वाजतात, आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी आज्यांकडची अंगाई नोंदवायला फारसे कोणी जात नाही. अभिजात दर्जाच्या निमित्ताने जो पैसा मिळेल, त्यातला मोठा वाटा प्राचीनत्वाच्या परिसंवादांऐवजी या आज्यांच्या ध्वनिमुद्रणावर खर्च व्हावा, गाणारीचे नाव, गाव आणि बोली यांच्या नोंदीसह, असे माझे मत आहे.