आज गाडी नाही

मागच्या आठवड्यात नाना पेठेत चेन-स्प्रॉकेट घ्यायला गेलो होतो. दुकानातले काका मला वीस वर्षं ओळखतात. मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतीत पडलो की लिव्हर, हँडल, फूटपेग सगळं त्यांच्याकडूनच यायचं. कोच म्हणून रीतसर मान्यता मिळाली हे त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "अरे, तू एवढ्या ट्रॉफ्या आणल्यास, तुला कागद कशाला हवा? पोरं येतातच की तुझ्याकडे."

काका प्रेमानेच बोलले. पण हा प्रश्न मला पालकही विचारतात, आणि त्याचं खरं उत्तर द्यायचं तर आधी एक गोष्ट कबूल करावी लागते.

चार वर्षांपूर्वी मी तळेगावच्या पुढे एका शेतातल्या ट्रॅकवर मुलांना शिकवायचो. प्रशिक्षण काहीही नाही, फक्त स्वतःचा अनुभव. अकरा वर्षांचा एक मुलगा बर्मवरून, म्हणजे वळणावरच्या मातीच्या उंचवट्यावरून, घसरून पडला. फार वेगात नव्हता. मी धावत गेलो, हातपाय हलवून बघितले, कॉलरबोन चाचपलं. हाड शाबूत. "बरा आहेस ना?" "हो दादा." त्याचे वडील कुंपणापाशी उभे होते. म्हणाले, "लगेच एक लॅप मारू दे, नाहीतर मनात भीती बसेल." लहानपणी मलाही हेच सांगितलं गेलं होतं. मी त्याला गाडीवर बसवलं. त्याने एक सोडून चार लॅप मारले.

घरी जाताना सोमाटण्याच्या टोलनाक्यापर्यंत त्याने आईला तीनदा विचारलं, "आज कोणता वार आहे?" देहूरोडला उलटी झाली. रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं. सकाळी सोडलं, आज तो ठणठणीत आहे, दहावीत आहे. त्याच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तेच मला जास्त लागलं.

डोक्याला असा हादरा बसला की माणूस बेशुद्ध पडतोच असं नाही. बोलतो, चालतो, "बरा आहे" म्हणतो. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणं, तोच तोच प्रश्न विचारणं ही लक्षणं काही तासांनीसुद्धा दिसू शकतात. आणि तो मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून जगभर एकच नियम सांगतात: शंका जरी आली तरी मुलाला बाहेर काढा, त्या दिवशी पुन्हा गाडी नाही, आणि परत येणं डॉक्टरांनी बघितल्यावर, टप्प्याटप्प्याने. त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या सगळ्या ट्रॉफ्यांना मिळूनही माहीत नव्हतं.

त्यानंतर मी शिकवणं बंद केलं आणि कोच कसं व्हायचं हे स्वतः शिकायला बसलो.

मला वाटलं होतं जंप कशी मारायची, रटमध्ये, म्हणजे चाकांनी पडलेल्या खोल चरात, गाडी कशी धरायची यावर चर्चा होईल. त्यावर फार थोडा वेळ गेला. मूल्यमापनाच्या दिवशी नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्यासमोर होता. मी त्याला म्हणालो: उभा राहा, कोपर वर, गुडघ्यांनी टाकी धर, नजर लांब, एक बोट क्लचवर, ब्रेक आधी, मग वळ. सगळं बरोबर होतं. परीक्षक मॅडम मला काहीच बोलल्या नाहीत. त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "दादांनी काय सांगितलं?" मुलगा थोडा वेळ थांबून म्हणाला, "जोरात जायचं."

मी वीस वर्षं जे हातांनी करतो ते मला दुसऱ्याला देता येत नव्हतं. आता एका फेरीला एकच गोष्ट सांगतो. "या फेरीत फक्त नजर." बाकी सगळं चुकलं तरी चालेल. फेरी संपली की आधी त्यालाच विचारतो, काय जाणवलं? मुलं आश्चर्य वाटेल इतकं नेमकं सांगतात.

दुसरा मोठा विषय गाडीचा. लहान मुलांच्या गाड्या ५०, ६५, ८५ सीसी अशा चढत्या असतात, आणि पालकांचा आग्रह असतो एक नंबर मोठी घ्यायचा, वाढत्या अंगाचा गणवेश घेतात तसा. मी समजू शकतो. या गाड्या महाग आहेत आणि मूल दोन वर्षांत उंच होतं. पण सैल सदऱ्याने कोणी जखमी होत नाही. ज्या गाडीवर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकत नाहीत तिच्यावरून मूल थांबताना पडतं. घाबरलं की हँडल घट्ट पकडतं, ॲक्सिलरेटरची मूठ आणखी पिळली जाते, आणि गाडी कुंपणाकडे सुटते. म्हणून नव्या मुलाच्या गाडीचा थ्रॉटल स्क्रूने मर्यादित करून ठेवतो आणि मनगटाला किल स्विचची दोरी बांधतो. मूल गाडीवरून पडलं की इंजिन बंद. हेल्मेटचंही तेच. वाढत्या मापाचं हेल्मेट डोक्यावर फिरतं. आणि एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी बाद.

एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलतो. मुलांसोबत काम करणाऱ्या कोचवर पालक डोळे मिटून विश्वास टाकतात. टाकू नका. मी कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत, तंबूत, गाडीत एकटा थांबत नाही. मेसेज फक्त आई किंवा वडील असलेल्या ग्रुपवर. हात भरून आले, दुखतात, म्हणून मसाज करायचा असेल तर पालकांसमोर, नाहीतर नाही. ब्रिटन-ऑस्ट्रेलियासारख्या देशांत मुलांना शिकवायचं तर पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्यात गुन्हा आहे. हे कोचलाही लागू आहे. माझे हे नियम म्हणजे माझ्यावर संशय घेतला असं मला वाटत नाही. उलट ज्या कोचला अशा नियमांचा राग येतो, त्याच्याकडे मी माझं मूल पाठवणार नाही.

रस्त्याचा विषय माझ्याकडे दोन वाक्यांत संपतो. ट्रॅकवर शिकलेला मुलगा अठराच्या आत गिअरची गाडी रस्त्यावर चालवताना दिसला, तर त्याचा माझ्याकडचा सराव बंद. पाषाणला वडिलांची गाडी काढलेल्या एकाला खरंच बंद केलं. चौदा वर्षांचा, माझ्या बॅचमधला सगळ्यात चांगला रायडर. वडील म्हणाले, सोसायटीच्या गेटपर्यंतच तर गेला होता. त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ दाखवलं: पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. कायदा सोडा, टेबलटॉपची मोठी जंप मारता येणाऱ्या मुलाला समोरून येणाऱ्या पीएमटी बसची भीती वाटत नाही. ती भीती त्याच्यातून मीच काढलेली असते.

जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची, म्हणजे स्टेडियममधल्या मोटोक्रॉसची, पहिली शर्यत झाली, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. जगभरचे रायडर आपल्या पुण्यात डबल जंप मारत होते आणि शेजारी बसलेली मुलं जागेवर उभी राहून ओरडत होती. माझे डोळे भरून आले. त्यानंतर चौकशीचे फोन वाढले, शिकवणारेही वाढले. त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, चेन्नईजवळच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या राष्ट्रीय स्पर्धेत १३ वर्षांचा मुलगा अपघातात गेला होता. ती शर्यत रीतसर होती, मार्शल होते, डॉक्टर होते. इतकं असूनही हा खेळ असा आहे. मग जिथे यातलं काहीच नाही, तिथे आपण काय करतोय?

मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याकडे एकही प्रमाणपत्र नव्हतं. वाघोलीच्या बंद खाणीत, पदरचं पेट्रोल घालून त्यांनी आम्हाला घडवलं. त्यांचं ऋण मी विसरलेलो नाही. मान्यतेचं कार्ड मिळालं म्हणून कोणी चांगला कोच होत नाही, हेही मान्य. पण अशी जुनी माणसं काय करू शकत होती आणि काय माहीत नसल्यामुळे त्यांच्याकडून राहून जात होतं, हे दोन्ही मी बघितलंय. खेळाच्या संघटनांनी अशा लोकांना कमी खर्चात, मराठीतून, पुण्यातच प्रशिक्षण द्यावं. आणि प्रत्येक ट्रॅकच्या फाटकावर कोचचं नाव, मान्यतेची मुदत आणि प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची तारीख लावावी. पालकांनी फी विचारायच्या आधी तो बोर्ड वाचावा.

परवाच्या रविवारी सकाळी सव्वासहाला ट्रॅकवर नऊ मुलं तयार होती. कोथरूडहून, हिंजवडीहून, एक तर थेट सासवडहून आलेला. रुग्णवाहिका आली नाही. फोन केला तर गाडी बिघडली म्हणाले, दुसरी मिळायला दुपार होईल. मी पालकांना सांगितलं, आज गाडी नाही, पैसे परत. मग मुलांना घेऊन अख्खा ट्रॅक पायी फिरलो. जंप कुठे आंधळी आहे, पुढे धोका आहे सांगणारा पिवळा झेंडा कुठून दिसतो, कुठून दिसत नाही, हे त्यांनीच शोधून काढलं. पिवळा हलला की ओव्हरटेक नाही आणि जंप मारायची नाही, हे सासवडच्या पोराने बाकीच्यांना समजावलं.

एक वडील खूप चिडले. चार वाजता उठवून आणलं मुलाला, म्हणाले, आणि तुम्ही चालायला लावताय. गाडी पिकअपमध्ये चढवून निघून गेले. मी त्यांना त्या संध्याकाळी फोन केला, उचलला नाही. ते ग्रुपमध्ये आहेत अजून. येत्या रविवारी येणार की नाही, कळवलेलं नाही. मुलाचा मानेला लावायचा नेक ब्रेस घाईत माझ्याकडेच राहिलाय, तो मी धुऊन ठेवलाय.