झिपकोडचा भाव

"तीच गाडी, तीच बॅटरी, तोच छत्तीस महिन्यांचा करार. डेन्व्हरला महिन्याला शंभर डॉलर कमी. मग हा एडिसनला कशाला घेतोय?"

केदारनं असा मुद्दा टाकला आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर चहाच्या दुकानाबाहेर शनिवारचा कट्टा पेटला. केदार कोलोरॅडोतल्या डेन्व्हरचा, पाहुणा. सुहासच्या इलेक्ट्रिक गाडीची लीज, म्हणजे विकत न घेता हप्त्यानं वापरायचा भाडेकरार, तीन महिन्यांत संपतेय, म्हणून विषय त्याचा. मिलिंद फ्रीमाँटहून बदलून आलेला, त्यामुळे कॅलिफोर्नियाचा वकील. प्रज्ञा डीलरशिपमध्ये फायनान्सची कागदपत्रं बघते. ती बोलायला लागली की बाकीचे निदान अर्धा मिनिट गप्प बसतात.

"2024 ला आमच्याकडे निसान लीफ महिना 19 डॉलरनं मिळत होती," केदार म्हणाला. "एकोणीस! इथे तेवढ्यात दोन डोसे येत नाहीत."

"ती 19 ला कशी गेली ते सांग की," प्रज्ञा म्हणाली. "लीफची छापील किंमत सुमारे 28 हजार. केंद्र सरकारची इलेक्ट्रिकवरची करसवलत 7,500. त्यावर कोलोरॅडोचे 5,000. छापील किंमत 35 हजारांच्या आत म्हणून आणखी 2,500. पंधरा हजार सरकारांनीच भरले. निसाननं वर स्वतःची सूट दिली, मग राहिलं काय? पण ते 2024. पुढच्या वर्षी कोलोरॅडोनं 5,000 चे 3,500 केले आणि 2026 पासून 750. केंद्राचे 7,500 तर 30 सप्टेंबर 2025 लाच संपले. तुझे शंभर डॉलर 2025 चे आहेत."

केदारला हे पटेना. मग कागदी पिशवी फाडून तिच्या आतल्या बाजूवर हिशेब मांडला गेला. गाडी काल्पनिक, आकडे सोपे धरलेले. छापील किंमत 45,000. डीलरनं 3,000 सोडले. बँकेची ॲक्विझिशन फी, म्हणजे लीज सुरू करायचे पैसे, 700; ती किमतीतच मिसळली. झाले 42,700. कंपनीची लीज कॅश, म्हणजे लीजवर मिळणारी सूट, 7,500 वजा केली की 35,200. तीन वर्षांनी गाडीची किंमत, म्हणजे रेसिड्युअल, छापील किमतीच्या 55 टक्के: 24,750. मनी फॅक्टर, म्हणजे लीजमध्ये व्याजदर लिहायची पद्धत, 0.00200.

"आता हप्त्याचे दोन तुकडे," प्रज्ञा लिहीत होती. "एक घसारा: 35,200 वजा 24,750, भागिले 36. आले 290. दुसरं भाडं, म्हणजे व्याज: इथे वजाबाकी नाही, बेरीज. 35,200 अधिक 24,750, गुणिले 0.00200. जवळपास 120. एकूण 410, टॅक्स सोडून."

"बेरीज का?" सुहास.

"सुरुवातीची आणि शेवटची किंमत यांची सरासरी काढून त्यावर व्याज लावायचं, ते एका सूत्रात कोंबलंय. म्हणून तर मनी फॅक्टरला 2400 नं गुणलं की नेहमीचा व्याजदर मिळतो. 0.00200 म्हणजे 4.8 टक्के."

लीज कॅश काढून टाकली तर हाच हप्ता 633 होतो. म्हणजे 7,500 ची किंमत महिन्याला 223: मुद्दल छत्तिसानं भागून 208 आणि वाचलेलं व्याज 15. त्याच हिशेबानं कोलोरॅडोचे 3,500 म्हणजे महिना 104. केदारचा आकडा बरोबर होता, फक्त शिळा. आजचे 750 म्हणजे महिना 22 डॉलर.

"आणि हे बघ," प्रज्ञानं मनी फॅक्टरखाली रेघ मारली. "बँकेचा मूळ दर 0.00160 असला आणि डीलरनं गुपचूप 0.00200 लावला, तर महिन्याला 24 डॉलर जातात. कोलोरॅडोची अख्खी सवलत एका दशांश चिन्हामागे गायब. असा वाढीव दर लावणं बेकायदा नाही, बहुतेक बँका ठरावीक मर्यादेत लावू देतात. विचारलं तरच कमी होतो."

माझ्या मते संध्याकाळचं सगळ्यात कामाचं वाक्य हे होतं, पण कट्ट्याला त्याची पर्वा नव्हती. मिलिंदला कॅलिफोर्निया आठवला होता.

"आमच्याकडे निदान टॅक्स हप्त्यावर लागतो. हे जर्सीवाले पहिल्या दिवशी सगळा वसूल करतात."

हे खरंच आहे. न्यू जर्सीत सहा महिन्यांहून मोठ्या लीजचा सेल्स टॅक्स सुरुवातीलाच भरायचा असतो. इलेक्ट्रिकला तो पूर्वी शून्य होता; 1 ऑक्टोबर 2024 पासून अर्धा झाला, 1 जुलै 2025 पासून पूर्ण 6.625 टक्के. 410 गुणिले 36, त्यावर साधारण 978 डॉलर. शिवाय इलेक्ट्रिक गाडीची वेगळी नोंदणी फी, 1 जुलै 2024 ला 250 पासून सुरू झालेली, 2028 पर्यंत दरवर्षी 10 नं वाढणारी, आणि नव्या गाडीला पुढच्या वर्षांची आगाऊ घेतात. इलेक्ट्रिक गाडीवर सूट देणारी राज्याची चार्ज अप योजना आहे, पण तिचा निधी येतो तेव्हा येतो आणि संपला की खिडकी बंद.

"मग कॅलिफोर्निया बरा ना!" मिलिंद.

"अलामेडा काउंटीत 10.25 टक्के धर. महिन्याला 42," प्रज्ञा म्हणाली. "आणि तुमच्याकडे किमतीतून वजा होणाऱ्या रकमेवरही टॅक्स लागतो. कंपनीनं 7,500 सोडले, त्यावर तू पहिल्या दिवशी 769 भरायचे. तीन वर्षांची बेरीज 2,280 च्या घरात. जर्सीच्या दुपटीहून जास्त."

मिलिंदनं कारपूल लेनच्या स्टिकरचा विषय काढला (इलेक्ट्रिकवाल्याला एकट्यानंही त्या लेनमधून जाऊ देणारं; तेही 30 सप्टेंबर 2025 ला संपलं), मग राज्याची जुनी रिबेट योजना काढली (ती 2023 मध्येच बंद झाली). मग त्यानं समोसा घेतला.

टेक्सासचा प्रकार सगळ्यात खुनशी. तिथे लीज असली तरी टॅक्स गाडीच्या पूर्ण किमतीवर, 6.25 टक्के, कारण कायद्याच्या नजरेत गाडी लीज कंपनीनं विकत घेतली. आपल्या उदाहरणात 42,000 वर 2,625. कंपनी ते तुमच्याच गळ्यात घालते. शेवटी गाडी ठेवून घ्यायची ठरवली तर ती दुसरी खरेदी, म्हणून टॅक्स पुन्हा. वर नव्या इलेक्ट्रिकला पहिल्या दोन वर्षांचे 400 आणि पुढे वर्षाला 200.

"पलीकडे पेनसिल्व्हेनिया आहे, डेलावेअर आहे," सुहासला कल्पना सुचली. "डेलावेअरला तर सेल्स टॅक्सच नाही. तिथल्या डीलरकडून उचलतो."

"उचल. टॅक्स गाडी जिथे नोंदवतोस तिथला लागतो, दुकान कुठे आहे त्याचा नाही. पेनसिल्व्हेनियात राहत असतास तर 6 टक्क्यांवर लीजचा वेगळा 3 टक्के टॅक्स पडला असता. त्या मानानं तू सुखात आहेस."

"माझा पत्ता दे," केदार उदार झाला. "डेन्व्हरला नोंदव."

यावर मात्र प्रज्ञा तडकली. "आणि गाडी रोज एडिसनला उभी करायची? लीजच्या करारात गाडी कुठे ठेवणार तो पत्ता असतो, विम्याचा हप्ताही त्याच पत्त्यावर ठरतो. अपघात झाला आणि विमा कंपनीनं विचारलं की तीन महिने गाडी जर्सीत काय करत होती, तर काय सांगशील? 750 डॉलरसाठी दावा फेटाळला जाऊ शकतो."

राज्याचा भाग इथे संपतो. पण कंपनीची लीज कॅशसुद्धा झिपकोड, म्हणजे पत्त्याचा पिनकोड, बघूनच येते. कंपन्या देशाचे विभाग पाडतात आणि दर महिन्याला प्रत्येक विभागाचा वेगळा कागद काढतात. कॅलिफोर्नियाचे नियम उचललेल्या राज्यांत, म्हणजे न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, कोलोरॅडो, ओरेगॉन, वॉशिंग्टन वगैरे, ठरावीक प्रमाणात इलेक्ट्रिक गाड्या खपवणं कंपन्यांना भाग होतं. म्हणून तिथे सूट सैल हातानं. जून 2025 मध्ये केंद्र सरकारनं कॅलिफोर्नियाला असे नियम करायची दिलेली परवानगी रद्द केली, राज्यं कोर्टात गेली, आणि तो दबाव ढिला पडला.

"पण मला एक सांगा," सुहास म्हणाला. "2023 ला कोरियात बनलेली गाडी विकत घेताना 7,500 मिळत नव्हते आणि लीजवर मिळत होते. हे कसं?"

तो कायद्यातला चोरदरवाजा. विकत घेणाऱ्याला अनेक चाळण्या होत्या: गाडी उत्तर अमेरिकेत जुळवलेली हवी, किंमत मर्यादेत हवी, जोडप्याचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. लीजवर गाडीची मालक बँक, तिला व्यापारी वाहनाचं कलम लागू, आणि त्यात यातली एकही अट नव्हती. 2022 च्या डिसेंबरात अर्थखात्यानं ते स्पष्ट केल्यावर ह्युंदाई-कियाच्या लीज सुसाट सुटल्या. पण सवलत बँकेची, तुमची नव्हे. ती पुढे द्यायची की गिळायची हे बँकेच्या मर्जीवर होतं.

"म्हणजे गडगंज पगारवाल्यांनाच फायदा," केदार.

"सगळीकडे नाही," मिलिंदला अखेर मुद्दा सापडला. "वॉशिंग्टन राज्यानं 2024 मध्ये उलटं केलं. फक्त कमी उत्पन्नवाल्यांना: तीन वर्षांच्या लीजला 9,000, विकत घेतली तर 5,000. काही महिन्यांत पैसे संपले."

लीजला जास्त का, यावर दहा मिनिटं गेली. प्रज्ञाचं म्हणणं, जुन्या इलेक्ट्रिकचा भाव झपाट्यानं पडतो, तो धोका गरिबाच्या डोक्यावर नको. केदारचं म्हणणं, तीन वर्षांनी त्याच्या हातात काहीच उरत नाही. दोघंही हटले नाहीत. मला प्रज्ञाचं पटतं. सुहासच्याच गाडीचं रेसिड्युअल तीन वर्षांपूर्वी छापील किमतीवर ठरलं, नव्या गाड्यांचे भाव नंतर उतरले. ह्युंदाईनं 2026 च्या आयोनिक 5 ची किंमत काही मॉडेलवर 9,800 पर्यंत कमी केली. ठरलेल्या भावात जुनी कशाला घ्यायची? किल्ली परत द्यायची, पडलेला भाव बँकेनं बघावा.

"महिना 199 ची जाहिरात आलीय," सुहासनं फोन पुढे केला. खाली बारीक अक्षरांत सहीच्या वेळी 3,999. त्यात पहिला हप्ता धरलेला. प्रज्ञानं पिशवीच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं: 3,999 अधिक 35 वेळा 199, एकूण 10,964, छत्तिसानं भागून 305. टॅक्स वेगळा. "आणि आगाऊ भरायचे नाहीत. दुसऱ्या महिन्यात गाडी पूर्ण चेपली तर विमा बँकेचे पैसे फेडतो, तुझे आगाऊ गेलेले परत येत नाहीत."

मग सुहासनं तिथेच डीलरला मेसेज टाकला: छापील किंमत, विक्रीची किंमत, रेसिड्युअलचा टक्का, मनी फॅक्टर, 08820 झिपकोडला लागू असलेली लीज कॅश, सगळ्या फिया. सहा गोष्टी, सहा ओळी.

चहा संपेपर्यंत उत्तर आलं. "महिना 449 मध्ये करून देतो सर, संध्याकाळी या."

"दुसऱ्याला पाठव," प्रज्ञा म्हणाली.