उन्हाळा आला म्हणून सायकलची हवा कमी करू नका

‘ऊन वाढलंय, सायकलची हवा कमी ठेवा, नाहीतर ट्यूब फुटेल. चेनला गाडीचं जुनं ऑइल सोडा. पुढचा ब्रेक लावूच नका. बाकी सायकलला काही लागत नाही.’ हा मेसेज जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. चारही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्या सल्ल्याने तर जी ट्यूब वाचवायची तीच जाते.

खान्देशात मे महिन्यात ऊन मी म्हणतं, पारा ४५ अंशांपुढे जातो. हवा तापली की दाब वाढतो, हे खरंच. पण किती? २५ अंशांना ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला, तरी दाब ४६-४७ पर्यंतच जातो. जास्तीत जास्त किती भरायची तो आकडा टायरच्या कडेला उठवलेला असतो. सकाळी त्यापेक्षा सात-आठ पीएसआय कमी भरा, एवढं पुरे. त्याहून उतरवलीत तर खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटा घेते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते, व्हॉल्व्ह तिरका होऊन बुडाशी फाटतो. तिथलं फाटलेलं पंक्चरवाल्यालाही जोडता येत नाही.

उन्हाने खरी खराब होते ती साध्या सायकलच्या व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी. ती चिकट होते, तडकते, आणि पंक्चर नसताना रात्रीतून हवा उतरते. चाक फिरवून व्हॉल्व्ह जमिनीकडे आणा, म्हणजे त्याचं तोंड वर होतं. तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा आला तर फक्त नळी बदला, चाक खोलायचं कामच नाही.

आणि पंक्चर काढलंत तर टायरच्या आतून चिंधी फिरवल्याशिवाय ट्यूब बसवू नका. बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक बोटाला लागत नाही, चिंधीला मात्र अडकतं.

गाडीतून काढलेल्या ऑइलमध्ये काजळी आणि झिजलेल्या धातूचा चुरा असतो. त्यावर शेतरस्त्याचा फुफाटा बसला की चेनवर पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. रॉकेलच्या फडक्याने चेन पुसा, वाळू द्या. मग प्रत्येक कडीच्या रोलरवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. पायडल १०-१५ वेळा उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. तेल आत हवं, बाहेरचं नुसती धूळ धरतं. रिमवर थेंबही जाऊ देऊ नका, ब्रेक घसरतील. चेन झिजली का, हे पट्टीने कळतं: नव्या चेनचे २४ खण (खण म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर), पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. ते अंतर १२ इंच आणि वर १/१६ झालं की चेन बदला. १/८ पर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातेही खाल्ले जातात आणि नवी चेन त्यावर उड्या मारते.

पुढच्या ब्रेकबद्दल तर जिवावर बेतेल असा सल्ला आहे. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरी पकड तिथेच मिळते. नुसता मागचा दाबला तर चाक घसरत जातं. दोन्ही एकत्र, हळूहळू दाबा. फक्त खडीवर आणि ओल्या काळ्या मातीत पुढचा बेताने.

‘बाकी काही लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी चाक उचलून फिरवून बघावं. ते डावी-उजवीकडे डुलत असेल तर शेजारचे दोन-दोन आरे चिमटीत दाबा. ढिला आरा लगेच सापडतो. तो तसाच ठेवला तर त्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि ते एकेक करून तुटतात. चाकाचं हे डुलणं, म्हणजे ‘आऊट’, त्याच दिवशी काढून घ्या.